माझं नाव, पण चित्र माझं नाही!

काय दोस्तांनो, ड्रॅगन काढून पाहिलाय कधी? पंख जमतात, शेपटी जमते, पण तोंडातून निघणारी आग काही केल्या खरी वाटत नाही. पोलंडमध्ये ग्रेग रुत्कोव्स्की नावाचा एक चित्रकार आहे. त्याच्या ड्रॅगनची आग पाहिलीत तर कागद हातात धरवणार नाही! ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, ‘मॅजिक: द गॅदरिंग’ अशा खेळांसाठी त्याने चित्रं काढली आहेत. अशा कलाकाराला ना दुकान, ना पाटी. त्याचं नाव हीच त्याची पाटी.

ऑगस्ट २०२२ मध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ हे एआय सगळ्यांसाठी खुलं झालं. शब्द लिहायचे की चित्र हजर! लोकांच्या लक्षात आलं, की शब्दांच्या शेवटी ‘ग्रेग रुत्कोव्स्की’ असं लिहिलं की चित्र एकदम भारदस्त होतं. झालं! सप्टेंबरपर्यंत ‘लेक्सिका’ या संकेतस्थळावर त्याचं नाव सुमारे ९३ हजार वेळा वापरल्याची नोंद होती. पिकासो आणि लिओनार्दोचं? प्रत्येकी दोनेक हजार, किंवा त्याहूनही कमी!

पिकासोला मागे टाकलं म्हणजे स्वारी खूश व्हायला हवी, नाही का? आपलं काम नव्या लोकांपर्यंत पोचेल, असं आधी त्यालाही वाटलं होतं. मग एकदा आपलं एक चित्र प्रसिद्ध झालंय का, हे बघायला त्याने इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधलं. समोर काय आलं? त्याचं नाव चिकटवलेलं, पण त्याने कधीच न काढलेलं चित्र!

आता हे यंत्र शिकतं कसं? समजा, रांगोळीवर कुणी हळूहळू फुंकर मारत राहिलं. शेवटी उरतात नुसते रंगाचे कण. यंत्राला अब्जावधी चित्रं अशीच विस्कटून दाखवतात आणि विस्कटलेलं सावरायला शिकवतात. सोबत प्रत्येक चित्राचं वर्णनही असतं. शेवटी नुसते कण आणि चार शब्द दिले, तरी ते नवं चित्र उभं करतं.

रुत्कोव्स्कीचं नाव यंत्राला इतकं पाठ कसं झालं, त्याचं एक कारण ऐकून मात्र वाईट वाटतं हं. ज्यांना दिसत नाही, त्यांचा संगणक चित्राचं वर्णन वाचून दाखवतो. रुत्कोव्स्की आपल्या चित्रांना अशी वर्णनं इंग्रजीत नीट लिहून जोडत असे. नेमकी तीच यंत्राच्या उपयोगी पडली.

तुमच्यातला एखादा वकील आता हात वर करील, “काका, आम्हीसुद्धा दुसऱ्यांची चित्रं बघूनच शिकतो की! एकलव्याला तरी द्रोणाचार्यांनी कुठे होकार दिला होता?” शाबास, प्रश्न बिनतोड आहे. कंपन्याही काहीसं असंच म्हणतात, की यंत्र चित्रं साठवत नाही, त्यांतून शिकतं. पण एकलव्याने द्रोणाचार्यांचं नाव लावून बाण बनवायचा कारखाना काढला नव्हता! आणि एक मुलगा वर्षभर घोड्याचे पाय गिरवत बसतो, तेव्हा त्याचा हात हळूहळू त्याचा स्वतःचा होत जातो. मला तरी या दोन गोष्टी एक वाटत नाहीत.

कार्ला ऑर्टिझ ही चित्रकार जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटसमोर बोलायला गेली होती. तिच्यासारख्या कलाकारांचं मागणं साधं आहे: आधी विचारा, नाव द्या, मोल द्या. त्याच वर्षी जानेवारीत तिने, सारा अँडरसन आणि केली मॅकर्नन यांच्यासह एआय कंपन्यांवर खटला भरला. नोव्हेंबरमध्ये रुत्कोव्स्कीही त्यात सामील झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीशांनी चित्रांच्या हक्काबद्दलचा मुख्य दावा पुढे चालू द्यायला मान्यता दिली.

मधल्या काळात स्टेबल डिफ्यूजनची नवी आवृत्ती आली आणि त्याचं नाव टाकून पूर्वीसारखी चित्रं येईनाशी झाली. पुष्कळांनी तक्रार केली! २०२३ मध्ये तर कुणीतरी त्याच्या शैलीची खास जोडणी बनवून ती परत आणलीसुद्धा. माणूस ‘नको’ म्हणतोय, हे माहीत असूनही!

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी. मार्च २०२५ मध्ये जपानच्या घिबली स्टुडिओच्या थाटात घरोघरच्या फोटोंची चित्रं झाली, आठवतंय? मजा आली, नाही कशी म्हणू! पण चित्रकलेचा गृहपाठ रात्री दहा वाजता आठवला, की मोबाइल पुढे करू नका. वाकड्या नाकाचा गणपती चालेल. चित्रकलेच्या बाईंना तो तुमच्या मुलाचा आहे, हे लांबूनही ओळखू येतं.

आणि मुलांनो, मला एक लिहून कळवा: वर्गातल्या कुणी तुमच्या वहीतल्यासारखं चित्र काढून खाली तुमचं नाव लिहिलं आणि ते विकलं, तर तुम्ही काय कराल? पत्र एका पानाचं हवं. हाताने लिहिलेलं!

पुढच्या आठवड्यात घोड्याचे मागचे पाय. ते गुडघ्यात उलटे वाकल्यासारखे का दिसतात, ते बघू.