‘व्यवसाय : मजूर’ एवढ्याने भागणार नाही

काही वर्षांपूर्वी दिल्लीतील एका सार्वजनिक रुग्णालयात मी एका मराठी रुग्णाचा दुभाषा म्हणून गेलो होतो. जुना खोकला, धाप, घटलेले वजन. डॉक्टरांनी विचारले, काम काय करता? तो म्हणाला, “पाथरवट. वीस वर्षं दगड घडवला, आता हरियाणात खडीच्या क्रशरवर आहे.” मी घाईने सांगून टाकले, ‘मजदूर’. केसपेपरवर तेच उमटले. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी क्षयाची औषधे सुरू झाली. सहा महिने तो ती घेत राहिला आणि त्याच धुळीत राबत राहिला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी दगडाची चौकशी केली, तेव्हा सिलिकोसिसचे निदान झाले. भाषांतर हेच माझे काम. आणि एका शब्दाच्या भाषांतरात मी एका माणसाची वीस वर्षे गाळली होती.

सिलिकाच्या धुळीने फुप्फुसावर पडलेले व्रण कोणतेही औषध पुसू शकत नाही. क्षयाचा धोकाही त्यामुळे वाढतो. म्हणूनच निदान लवकर होऊन माणूस धुळीतून बाहेर पडणे महत्त्वाचे. इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. हिपोक्रेटिसने सांगितलेल्या प्रश्नांत त्याने आणखी एकाची भर घातली : तुझा व्यवसाय कोणता? तीन शतकांनंतरही हा प्रश्न एक रकाना भरण्यापुरताच विचारला जातो.

उत्तर मिळवायचे तर प्रश्न माणसागणिक बदलावा लागतो. सूतगिरणीतील कामगाराला ‘दम लागतो का’ एवढे विचारून भागत नाही. ‘साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते का?’ असे विचारले, तर कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस पकडता येतो. विडी वळणारी बाई स्वतःच ‘काही करत नाही, घरीच असते’ असे सांगते. तिच्या हातांना दिवसभर काय लागते, हे विचारावे लागते. सोबतचा नवरा किंवा मुकादम तिच्या वतीने बोलू लागला, तर त्याला नम्रपणे बाहेर बसवावे लागते.

हा दोष एकट्या डॉक्टरांचा आहे काय? मुळीच नाही. बाहेर रांग लागलेली असताना एका रुग्णाच्या वाट्याला दोन-चार मिनिटे येतात. ही टंचाई डॉक्टरांनी निर्माण केलेली नाही. परंतु तिचा लाभ कोणाला होतो, हे स्पष्ट आहे. १९४८ चा कारखाने कायदा आणि १९५२ चा खाण कायदा या दोहोंनी ठरावीक व्यवसायजन्य रोग सरकारला कळविण्याचे बंधन घातले. पण केसपेपरवर ‘मजूर’ आणि ‘क्षय’ हे दोनच शब्द असले, की धूळ निर्दोष ठरते, मालक सुटतो आणि नुकसानभरपाईचा हक्क कागदावरच मरतो.

तेव्हा रुग्णालयांत पुरेसे डॉक्टर व रुग्णांची भाषा जाणणारे दुभाषे नेमावेत, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. कोणते काम, कोणती धूळ, किती वर्षे, सोबत्यांपैकी आणखी कोणाला हाच त्रास, एवढे कामगाराच्या शब्दांत एका कागदावर लिहून त्याच्या हाती देणे कोणत्याही शाखेला अवघड नाही. दुभाषा म्हणून जाणाऱ्या साथीने मात्र कामाचे नाव जसेच्या तसे सांगावे. पाथरवटाला पाथरवटच म्हणावे.