बाज कुठे टाकायची?

घरामागच्या मोकळ्या जागेला आमच्या कारध्यात सांदवाडी म्हणतात. कुणी परसदार म्हणतं, कुणी वाडी म्हणतं. आमची सांदवाडी घराच्या पश्चिमेला आहे, म्हणजे वैनगंगेच्या अंगाला. साधारण तीस फूट लांब, बावीस फूट रुंद. वायव्येच्या कोपऱ्यात जुना कडुनिंब, उत्तरेला न्हाणी आणि भांडी घासायची जागा. एवढ्या जागेत काय करता येतं, हे कळायला आम्हाला सहा-सात वर्षं लागली. ज्यांची सांदवाडी अजून मोकळी आहे त्यांची ती वर्षं वाचावीत म्हणून आजचं हे लिहिणं.

पहिल्या वेळी आम्ही सगळी जागा सिमेंटने झाकून टाकली. पावसाळ्यातल्या चिखलाला आई आणि वहिनी कंटाळल्या होत्या, तेवढं कारण पुरेसं होतं. काम करणाऱ्याने सांगितलं, एकदाच करून टाका, वरून टिनाचं शेड घ्या, झोपाळा लावा. आम्ही झोपाळा लावला, प्लास्टिकच्या चार खुर्च्याही आणल्या. पहिला उन्हाळा आला आणि तिथे कुणी बसेना. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. दिवसभर तापलेलं सिमेंट रात्री दहापर्यंत धग सोडत राहायचं, आणि टिनाखाली तर दुपारी पाऊल ठेववत नसे. आईने आपली बाज उचलली आणि कडुनिंबाखाली, सिमेंट जिथे संपतं त्या हातभर मातीच्या पट्ट्यावर नेऊन टाकली. तिचं शेंगा सोलणं, तांदूळ निवडणं, दुपारची डुलकी, सगळं तिथे. आम्ही पैसे खर्चून केलेली जागा रिकामी आणि ती बाज भरलेली, हे चित्र चार वर्षं डोळ्यांसमोर होतं.

मग 2020 चा ऑगस्ट आला. महिन्याच्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात पाऊस झाला, संजय सरोवराचं पाणी सोडलं गेलं आणि वैनगंगा फुगली. कारध्याच्या पुलाजवळ धोक्याची पातळी 245.50 मीटर आहे. ही संख्या आमच्या गावात शाळेतल्या पोरालाही पाठ असते. त्या वेळी नदी ती ओलांडून खूप वर गेली, भंडारा शहरातल्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि आमच्या सांदवाडीत कंबरेएवढं उभं राहिलं. पाणी उतरलं तेव्हा सिमेंटवर वीतभर गाळ बसला होता. मातीत तो जिरला असता, सिमेंटवर मात्र सडत पडला. खालची भर वाहून गेल्यामुळे फरशी मधोमध खचली. मागच्या भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटली ती आम्ही पुसली नाही, उलट तेलरंगाने गिरवून ठेवली.

फरशी फोडायची ठरली तेव्हा मी नकाशा काढायला बसलो. आई म्हणाली, "कागद कायले काढतं? सावली कुठं जाते ते पाय, मंग बांध."

त्या वर्षी आम्ही काही बांधलं नाही. आईची बाज जिथे जिथे असेल तिथे चार पायांशी चार विटा रोवायच्या आणि चुन्याने महिना लिहायचा, एवढंच केलं. मेमधल्या सकाळी बाज मागच्या दाराशी असायची, कारण घराची सावली दहा-साडेदहापर्यंत पश्चिमेला पडते. दुपारी ती वाडीच्या मध्यावर यायची. डिसेंबरात सकाळीच दक्षिणेच्या कुंपणाजवळ, कारण घराच्या सावलीतून आधी तोच कोपरा मोकळा होतो. पावसाळ्यात ओसरीच्या कडेला. वर्ष संपलं तेव्हा सांदवाडीचा नकाशा विटांनीच जमिनीवर काढून ठेवला होता.

त्यामागचं कारण आभाळात आहे. आपल्या अक्षांशावर 26 मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायातच जाते. त्या वेळी नुसती बाजूची भिंत उपयोगाची नाही, सावली वरूनच हवी. दुपारी चारला तोच सूर्य पश्चिमेच्याही थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणून वायव्येचं झाड मध्यावर सावली धरतं. वीस फुटी झाडाची सावली त्या वेळी जवळपास दीडपट लांब पडते. याउलट 21 डिसेंबरच्या दुपारी माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी असते, कारण सूर्य दक्षिणेला अर्ध्या आभाळावरूनच जातो. म्हणजे वायव्येचं झाड हिवाळ्यातलं ऊन अडवत नाही आणि उन्हाळ्यातलं अडवतं. त्यात कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पान गाळतो आणि एप्रिलपर्यंत नव्या पालवीने भरतो. ऐन गरजेच्या वेळी पूर्ण सावली देणारं हे झाड आजोबांनी तिथे लावलं ते उगीच नसावं. तुमच्याकडे झाड नसेल तर पश्चिम-वायव्येला कडुनिंब किंवा करंज लावा, घरापासून पंधरा-वीस फूट दूर. मुनगा भाजीला हवाच, पण त्याखाली बाज टाकू नका. त्याचं लाकूड ठिसूळ असतं, वादळात फांदी मोडते.

विटांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. बाज कधीही कामापासून दहा पावलांच्या पलीकडे गेली नाही. कुकरची शिट्टी ऐकू यावी, वाळत घातलेल्या कुरड्यांवर नजर राहावी, नळ आला की कळावं, अशीच जागा आई निवडत होती. शहरातले लोक मागच्या अंगणाचा विचार करतात तेव्हा काम एका बाजूला आणि आराम दुसऱ्या बाजूला ठेवतात. आपल्या घरातल्या बाईला तसा वेगळा काढलेला आराम मिळतच नाही. ती बसते तेव्हा हातात शेंगा असतात. म्हणून बसायची जागा कामाच्या जागेला लागून हवी. आमचा झोपाळा होता दूरच्या कोपऱ्यात, आणि त्यावर कुणी बसत नव्हतं ते यामुळेच.

आता तिथे काय आहे ते सांगतो. मागच्या दाराला लागून अठरा इंच उंच, चार फूट रुंद ओटा आहे. उंची बाजेएवढी, म्हणजे ओट्यावरची आणि बाजेवरची माणसं एकमेकांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलू शकतात. भांडी घासायची जागा आम्ही जमिनीवरून उचलून कंबरेएवढी केली. वहिनीची पाठ दुखायची, तिचं तेवढं एकच मागणं होतं आणि ते सगळ्यात आधी व्हायला हवं होतं. तिथून नाली काढली, दहा फुटाला दोन इंच उतार देऊन. शेवटी तीन फूट लांब-रुंद-खोल शोषखड्डा, तळाशी मोठे दगड, वर लहान दगड, त्यावर गिट्टी. कडेला केळी आणि कोचई. न्हाणीचं पाणी आता उभं राहत नाही, त्यामुळे डासही कमी झाले.

मध्यावर आठ फूट उंचीचा बांबूचा मांडव आहे. बांबू आणल्यावर महिनाभर वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला. त्यातला गोडवा धुऊन निघाला की कीड सहज लागत नाही, ही बुरडांची जुनी रीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यावर वाल चढवतो, हिवाळाभर शेंगा उतरवतो. वेल वाळला की तुराट्या पसरून वर तणस टाकायचं, उन्हाळा निघतो. टिनाखाली आणि तणसाखाली किती फरक पडतो ते एकदा मेच्या दुपारी दोन्हीकडे पाच-पाच मिनिटं उभं राहून बघा. खाली जमीन मुरमाची, चोपून बसवलेली, येण्याजाण्याच्या वाटेवर तेवढ्या सुट्या फरश्या. दक्षिणेचा कोपरा मुद्दाम उघडा ठेवला, तो हिवाळ्याचा.

ही रीत काही आमची नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला गेलात तर आदिनिवास आणि बापूकुटीसमोर थोडं थांबा. माती, बांबू, कवेलू, खाली उतरलेली छपरं आणि चारी बाजूंच्या पडव्या. गांधीजी 1936 मध्ये तिथे राहायला आले, आणि आपल्याच विदर्भाच्या उन्हात ते बहुतेक वेळ उघड्यावर झोपत. त्या पडव्यांत बसलं की कळतं, सावली आणि वारा यांची जागा नीट धरली तर सामान फार लागत नाही.

वाडीतल्या केरकचऱ्यासाठीही दूर जायला नको. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, सगळे त्यांना नाडेपकाका म्हणत, यांनी जाळीदार विटांच्या टाक्याची खतपद्धत घालून दिली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाकं, पालापाचोळा, शेण आणि मातीचे थर, वरून शेणमातीने लिंपण. तीन-चार महिन्यांत खत तयार. आमच्या जागेत एवढं मोठं मावत नाही, म्हणून अर्ध्या मापाचं केलं आहे. कडुनिंबाचा पाला एकट्याने लवकर कुजत नाही, त्यात शेण आणि हिरवा पाला मिसळावा लागतो.

काही गोष्टी नदीने शिकवल्या. पश्चिमेला पक्की भिंत बांधली नाही, बांबूच्या तट्ट्यांचं कुंपण घातलं. भिंत पुराचं पाणी अडवते आणि मग एकदम कोसळते, कुंपणातून पाणी येतं तसं जातं. विजेची सगळी बटणं गिरवलेल्या रेघेच्या हातभर वर. जळतन बाजेपासून लांब, दगडांवर फूटभर उचलून रचलेलं, कारण खाली साप बसतो. दिवा पिवळा आणि बसायच्या जागेपासून बाजूला, म्हणजे किडे ताटात पडत नाहीत.

आणि कुंपणाला शेजारच्या बाजूने एक लहान फाटक. खर्चाने ही सगळ्यात स्वस्त गोष्ट, पण सांदवाडी भरली ती या फाटकामुळे. समोरच्या दाराने यायचं तर शेजारणीला पदर सावरावा लागतो, बैठकीतल्या पुरुषमंडळींसमोरून जावं लागतं. मागच्या फाटकाने ती हातातली अंबाडी निवडत येते. गेल्या माघात एका दुपारी मी मोजलं, मांडवाखाली सात जणी होत्या, दोन सुपं, एक पाटा आणि एक तान्हं मूल बाजेवर झोपलेलं. आई त्याच्यावर पदराने वारा घालत होती. त्या दोन तासांत वालाची पाटीभर शेंग सोलून झाली, एका घरातलं लग्न जवळपास ठरलं आणि दुसऱ्या घरातल्या सुनेचं मन मोकळं झालं. अशी जागा गावात आता कमी होत चालली आहे. प्रत्येक जण वाडीत खोली वाढवतो नाहीतर सिमेंट टाकतो. खोलीची गरज मला कळते. पण सगळी वाडी झाकून टाकली तर पाण्याला जिरायला जागा उरत नाही आणि बाईला बसायला.

तुम्हाला सांदवाडी करायची असेल तर या अक्षय्य तृतीयेपासून सुरुवात करा. घरातली जी व्यक्ती मागे सर्वांत जास्त वेळ असते, ती सकाळी आठला, दुपारी दोनला आणि पाचला कुठे बसते ते पाहून विटा रोवा. पावसाळ्यात पाणी कुठे थांबतं तिथे खुंटी ठोका. दिवाळी होऊ द्या, थंडीतलं ऊन बघा. या खुणा हातात येईपर्यंत सिमेंटचं एक पोतंही आणू नका.