शंभर फेरे, तीन मिनिटं

मुलांनो, तुमच्या घरच्या माळ्यावर काय काय आहे, माहीत आहे का? नाही? मग एकदा आईबाबांना विचारून चढाच. शिडी मात्र कुणीतरी धरलेली असू द्या!

मी दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याला आजीकडे गेले होते. पापडाचे डबे काढायला माळ्यावर चढले, तर मागे एक निळी पेटी दिसली. कडा गंजलेल्या, वर धुळीचा थर. आमच्या आबांचा रेकॉर्ड प्लेअर! शेजारी जुन्या धोतरात गुंडाळलेल्या बावीस रेकॉर्डी.

खरं सांगू? आनंद झाला, पण पोटात गोळाही आला. का, ते शेवटी सांगते. आत्ताच पान उलटून बघायचं नाही, बरं का!

आजी खालून म्हणाली, "काय करतं वं त्या डबड्याचं? तुहे आबा गेले, तवापासून बंद हाय."

"आजी, मी तो वाजवून दाखवते," मी म्हटलं. बोलून तर गेले!

मग पेटी मांडीवर घेऊन एस.टी.ने अमरावतीला निघाले. मूर्तिजापूर आलं तेव्हा कंडक्टरदादांनी विचारलंच, "मॅडम, पेटीत काय हाय?" मी म्हटलं, "गाणी!" ते हसले. तिकीट मात्र माझं एकटीचंच फाडलं.

आता तुम्ही विचाराल, काळ्या तबकडीत गाणं बसतं कुठे? रेकॉर्डवर पुष्कळ वर्तुळं दिसतात ना, ती वर्तुळं नसतातच. काठापासून आत जाणारी ती एकच लांबलचक खाच असते. तिच्या भिंती गाण्याप्रमाणे नागमोडी कोरलेल्या असतात. सुईच्या टोकाला नीलम किंवा हिऱ्याचा इवलासा कण असतो. तो खाचेतून जाताना थरथरतो. त्या थरथरीची वीज होते, वीज मोठी केली जाते आणि स्पीकर बोलू लागतो. गंमत म्हणजे, आवाजाचं बटण पूर्ण बंद करून कान सुईजवळ नेला, तरी मुंगीनं म्हणावं तसं बारीक गाणं ऐकू येतं. मी स्वतः ऐकलंय!

आपल्या देशात तबकडीवर गाणं पहिल्यांदा मुद्रित झालं ते १९०२ साली, कलकत्त्याला. गायिका गौहर जान यांचं गाणं तेव्हा मुद्रित झालं. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत गायचा, म्हणजे किती अवघड! त्या तबकड्या लाखेपासून बनत. हो, तीच लाख, जी पळस, बोर आणि कुसुमच्या झाडांवरचे किडे तयार करतात. म्हणून हातातून पडली की तबकडी फुटलीच. पुढे १९४८ साली अमेरिकेत प्लास्टिकची मोठी तबकडी निघाली. ती मिनिटाला सव्वातेहेतीसच्या किंचित वर, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे घेते. एका बाजूवर वीसेक मिनिटं गाणी! आबांच्या रेकॉर्डी याच जातीच्या. त्यांतल्या एकीवर सुरेश भटांची गीतं होती. सुरेश भट आपल्या अमरावतीचे, जन्म १९३२ चा. ही रेकॉर्ड आबांची सर्वांत लाडकी.

अमरावतीतल्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्या काकांनी पेटी उघडली. "मोटर चांगली हाय मॅडम. हे रबराचं चाक कडक झालं, म्हणून थाळी फिरत नाई." मोटरचा दांडा रबरी चाकाला फिरवतो आणि ते चाक थाळीला. काकांनी चाक स्पिरिटनं पुसलं, बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासलं. वाळून गोंद झालेलं जुनं ग्रीस काढलं, सुई बदलली. विजेची कामं सगळी त्यांनीच केली. तुम्हीही अशी पेटी स्वतः उघडायची नाही, ते मोठ्यांचं काम.

गाणं लागलं, पण आवाज जड. जणू गायकाला सर्दी झालीय! मी पेटी शाळेत नेली. आमच्या चौथीच्या पोरांनी थाळीवर कागदाची पट्टी चिकटवली, एकाने घड्याळ धरलं आणि मोजणी सुरू झाली. तीन मिनिटांत फेरे भरले शहाण्णव. एक म्हणाला सत्त्याण्णव. म्हणून तीनदा मोजलं. शहाण्णवच! "बाई, चार फेरे कमी पडतात," पोरांनी निकाल दिला.

मी काकांना तसं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, "अरे बाप्पा, मोटरले तेल द्यायचंच राहिलं!" दोन थेंब तेल पडलं. पुन्हा मोजलं, तर शंभर. वर्गात अशा टाळ्या पडल्या की शेजारच्या वर्गाच्या बाई बघायला आल्या.

पुढच्या रविवारी पेटी अकोल्याला. आजीनं हात पुसले, चष्मा लावला आणि म्हणाली, "ते भटांचं लाव."

आता पोटातला गोळा. मी सहा वर्षांची असताना त्याच रेकॉर्डवर खिळ्यानं माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं होतं. छान चकचकीत पाटी वाटली मला! मग घाबरून ती सगळ्यांत खाली लपवली. कुणालाच सांगितलं नाही.

गाणं सुरू झालं. थोड्या वेळानं टक्... टक्... आणि सुई अडकली. तोच शब्द पुन्हा पुन्हा. खाचेची भिंत तुटली की सुई मागच्याच खाचेत घसरते, म्हणून असं होतं. मी सुई उचलली आणि म्हटलं, "आजी, हे मी केलं होतं."

आजी हसली. "मले ठाऊक हाय. तुह्या आबायनं त्याच दिवशी पायलं होतं. मले म्हणे, पोट्टीले बोलू नोको, ते आपल्या तोंडानं सांगन. वाट पायत रायले वं."

मुलांनो, आबांना जाऊन आठ वर्षं झाली. रबराचं चाक घासून घेता आलं, सुई बदलता आली. ते एक वाक्य मात्र त्यांना सांगायचं राहून गेलं. मी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पुष्कळ रडले. मग आजीनंच रेकॉर्ड उलटून दुसरी बाजू लावायला सांगितली.

आता जगभर लोक पुन्हा रेकॉर्डी घेऊ लागले आहेत. अमेरिकेत २०२२ साली चार कोटींहून अधिक रेकॉर्डी खपल्या, सीडींपेक्षाही जास्त! असं १९८७ नंतर पहिल्यांदाच झालं.

या आठवड्याचा गृहपाठ: रेकॉर्डच्या एका फेऱ्याची लांबी सरासरी ६४ सेंटिमीटर धरा. तीन मिनिटांत शंभर फेरे, तर वीस मिनिटांत सुई किती मीटर चालेल? उत्तर चारशेच्या पुढे यायला हवं, म्हणजे मोठ्या मैदानाची एक फेरी!

आणि दुसरा गृहपाठ वहीत लिहायचा नाही. घरात कुणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर आजच सांगून टाका.

तुमच्या,
बाई