खुर्ची हेही अवजारच



आमच्या कोरीट गावचा माझा एक जुना विद्यार्थी नंदुरबारला संगणकावर लोकांचे अर्ज भरण्याचे काम करतो. परवा तो भेटला, तेव्हा मान चोळत होता. म्हणाला, "सर, बोटांना मुंग्या येतात; पण घरी सांगायची लाज वाटते." त्याची आई दिवसभर उन्हात वाकून मिरची तोडते. सावलीत बसून काम करणाऱ्या मुलाने कोणत्या तोंडाने तक्रार करावी?

मला मात्र त्याची तक्रार खरी वाटते. आईचे कष्ट मोठेच आहेत. पण शेतात हात, पाय, कंबर हलत असते. संगणकासमोर मान व खांदे तासन्‌तास एकाच स्थितीत आखडून राहतात. आखडलेल्या स्नायूंना पुरेसे रक्त मिळत नाही आणि ते दुखू लागतात. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात. म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात.

हे दुखणे नवे नाही. इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे त्याने सांगितली : सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि मनावरचा ताण. उर्दू वर्तमानपत्रेही पूर्वी कातिब हाताने लिहीत असत. १९८१ साली संगणकासाठी नूरी नस्तालीक अक्षरे तयार झाली, १९९४ साली इनपेज आले. कलमाच्या जागी कळफलक आला; पण माणसाची पाठ, मान आणि डोळे तेच राहिले.

आपल्या जिल्ह्याला हे काम परके नाही. देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. उद्या तुमच्यापैकीही अनेकजण संगणकावर काम करून पोट भरतील. म्हणून आजच चांगल्या सवयी लावा. पाठीला टेकू असू द्या. पाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असावी. कोपर काटकोनात व मनगट सरळ ठेवा. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहा. अधूनमधून उठून चार पावले चाला.

परंतु सगळा भार काम करणाऱ्यावर टाकणे मला मान्य नाही. मोडक्या खुर्चीवर माणसाने नीट बसायचे तरी कसे? कापणीला मजूर लावणारा शेतकरी विळ्याला धार आहे ना, हे पाहतो. तशीच बसण्याजोगी खुर्ची देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ती मेहरबानी नव्हे. थोडी विश्रांती म्हणजेही कामचुकारपणा नव्हे.

त्या मुलाला मी सांगितले, "आधी डॉक्टरांना हात दाखव. मग मालकाकडे चांगली खुर्ची माग. आणि आज घरी गेल्यावर आईला सगळे सांग. कष्टाने दुखणारे अंग काय असते, हे तिच्याइतके कोणाला कळणार?"