आरोग्यचिंतन : चातुर्मास आणि रक्ताची तपासणी

चातुर्मास लागला की अनेक जैन घरांत पालेभाजी वर्ज्य होते. पर्युषणात एकाशन, उपवास घडतात. हा संयम स्तुत्यच. मात्र हृदयात कृत्रिम झडप बसविलेल्या किंवा पायाच्या शिरेत गुठळी होऊन गेलेल्या ज्या व्यक्ती वॉरफेरिन अथवा अ‍ॅसिट्रोम घेतात, त्यांच्या बाबतीत ताटातील हा बदल थेट रक्तापर्यंत पोहोचतो.

ही औषधे ‘के’ जीवनसत्त्वाचे कार्य रोखून रक्त गोठण्याची क्रिया मंदावतात. हे जीवनसत्त्व प्रामुख्याने पालेभाज्यांतून मिळते. भाजी एकाएकी बंद झाली की गोळी तीच असूनही तिचा परिणाम वाढतो. त्याचे मोजमाप म्हणजे आयएनआर ही तपासणी. निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो. ही औषधे घेणाऱ्या बहुतेकांसाठी तो २ ते ३ राखावा लागतो, काही झडपांसाठी थोडा अधिक. तो चढला तर रक्तस्रावाचे भय, उतरला तर गुठळीचे. म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतर भाजी पुन्हा सुरू होते तेव्हाही तपासणी तितकीच आवश्यक.

शास्त्री आणि सोनवीच्या संगमावर वसलेल्या संगमेश्वरात हाच काळ मुसळधार पावसाचा. डोंगरातील वाडीवरून वृद्धाने प्रयोगशाळा गाठणे कठीण होते आणि तपासणी लांबणीवर पडते. अशा वेळी परिचारिकेनेच घरी जाणे हा खरा उपाय. १८५९ साली लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन यांनी मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला गरीब रुग्णांच्या घरी धाडले. गृहपरिचर्येची आधुनिक परंपरा तेथून रुजली. प्रशिक्षित परिचारिका रक्ताचा नमुना खुणेपर्यंत भरून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवू शकते. बोटाच्या टोकावरील थेंबावरून आकडा सांगणारे छोटे यंत्रही आता मिळते. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शौच ही लक्षणे तिच्या नजरेतून सुटत नाहीत.

उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गोळी स्वतःहून थांबवू नये. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. प्रत्येक आकडा तारखेसह वहीत लिहावा.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपण मानतो. यंदा एखाद्या श्रावक कुटुंबाने वाडीवरील वृद्धासाठी परिचारिकेच्या फेरीचा खर्च उचलला, तर ते औषधदानच ठरेल.