जे शोधलेच नाही

बांगलादेशातील हातपंप मुळात लोककल्याणासाठीच बसविले गेले. तळ्याचे पाणी पिऊन मुले पटकी-हगवणीने दगावत, म्हणून १९७० नंतर युनिसेफच्या साहाय्याने खेडोपाडी कूपनलिका खोदण्यात आल्या. हेतू निर्मळ होता. पाणी मात्र तसे नव्हते. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळातील आर्सेनिक, म्हणजे आपल्याकडील सोमलातले विषद्रव्य, त्यात उतरले होते. पश्चिम बंगालमध्ये त्याचे रोगी १९८३ मध्येच ओळखले गेले होते. तरीही १९९२ साली ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातील पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा तपासावयाच्या मूलद्रव्यांच्या यादीत आर्सेनिक नव्हते. जे शोधलेच नाही ते सापडणार कोठून? बाधित ग्रामस्थाने थेट लंडनमध्ये दाद मागितली. संस्थेवर त्याच्याप्रत तसे कर्तव्यच नव्हते, असे म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सने २००६ मध्ये दावा फेटाळला. यादी करणारा उत्तरदायी नाही आणि पाणी पिणाऱ्याला यादी ठाऊक नाही, असा हा न्याय!

पुढे सुमारे ५० लाख कूपनलिका तपासून हिरव्या वा लाल रंगविण्यात आल्या. लाल १४ लाखांच्या घरात भरल्या. गावातच करता येणारी ही तपासणी साधी असते: पाण्यात आम्ल व जस्त घालावयाचे, निघणाऱ्या वायूने रसायन लावलेली कागदाची पट्टी किती पिवळी वा तपकिरी होते ते पाहावयाचे. निर्णय अखेर तपासनिसाच्या डोळ्यांवर. लिटरला ५० मायक्रोग्रॅम या सरकारी मर्यादेच्या आसपास हा डोळा हमखास चुकतो. जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटाने २००२ मध्येच हे दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर १० आहे. शिवाय शेजारशेजारच्या दोन पंपांच्या पाण्यात जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते, म्हणून एकाच्या निकालावरून दुसऱ्याचे अनुमान काढता येत नाही. रंग उडून जातो, आणि नवे पंप तर कोणी न तपासताच खोदले जातात.

खोल थरांतील पाणी बहुधा निर्दोष असते. पण ते काढण्याचा खर्च गरिबाच्या आवाक्याबाहेरचा, आणि सरकारी खोल कूपनलिका वजनदार मंडळींच्या अंगणात जातात, असे ह्यूमन राइट्स वॉचने २०१६ मध्ये नोंदविले.

गंगाकाठच्या बिहार-बंगालातही हेच विष आहे. तेथील कार्यकर्त्यांनी निव्वळ ‘शुद्ध पाणी द्या’ एवढ्यावर थांबू नये. काय तपासले, काय वगळले, किती नमुने प्रयोगशाळेत पडताळले, आणि प्रत्येक पंपाचा आकडा गावात का लावला नाही, हे त्यांनी अधिकाऱ्यांकडून लेखी मागावे.