प्रकाशाची संहिता

जत्रेच्या रात्री देवळासमोरच्या मांडवात गॅसबत्तीच्या उजेडात नाटक पाहिलेली पिढी गोव्यात अद्याप हयात आहे. त्याच गावचे हौशी मंडळ आज स्पर्धेच्या रंगमंचावर उतरते, तेव्हा प्रेक्षागाराच्या मागील खोलीत एक संगणकी लाइट बोर्ड त्याची वाट पाहत असतो. या यंत्राविषयी आमच्या मंडळांत जेवढे कौतुक आहे, तेवढी समज नाही.

पूर्वीच्या बोर्डावर सरकपट्ट्यांच्या दोन ओळी असत. एका ओळीवर चालू प्रवेश, दुसरीवर पुढच्या प्रवेशाची मांडणी. इशारा मिळताच एकीवरून दुसरीवर जायचे. सारी भिस्त चालकाच्या बोटांवर! न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९७५ साली 'अ कोरस लाइन'साठी थॅरन मसर यांनी स्मरणशक्ती असलेला बोर्ड वापरला आणि तिथून ही रीत पालटली. प्रत्येक चॅनेलची पातळी शून्य ते शंभर टक्के ठरवायची, क्यूला क्रमांक द्यायचा, उजेड चढण्या-उतरण्याचे सेकंद नोंदवायचे, की प्रयोगात एक कळ पुरते. चार आणि पाच यांमध्ये नवा क्यू हवा असल्यास साडेचार क्रमांकही देता येतो.

यंत्राने कला मरते, असा सूर काही जुने रंगकर्मी लावतात. तो आम्हांस मान्य नाही. कलकत्त्याच्या मिनर्व्हात १९५९ साली 'अंगार' नाटकात खाणीत पाणी भरत चालल्याचा भास तापस सेन यांनी प्रकाशातून उभा केला, तो अशा बोर्डाविनाच, हे खरे. परंतु तसे हात गावोगाव कोठून आणावयाचे?

आमची तक्रार निराळी आहे. अनेक बोर्ड केवळ बदल लक्षात ठेवतात. सातव्या क्यूत तुळशीवृंदावनावरचा दिवा तीसवरून साठ टक्क्यांवर नेला आणि पुढे त्या दिव्यास वेगळी आज्ञा नसली, तर तो साठवरच जळत राहतो. आजोबा मृत्युशय्येवर आणि अंगणात लख्ख उजेड! दोष मात्र बिचाऱ्या चालकाच्या माथी येतो. दुरुस्ती त्याच क्यूपुरती की पुढेही, हे नोंद करतानाच ठरवावे लागते, आणि ते त्याला कोणी शिकविलेलेच नसते.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की बोर्ड आकडे साठवतो, प्रकाश नव्हे. बारा क्रमांकाचा चॅनेल सत्तर टक्क्यांवर, एवढेच त्याला ठाऊक. तो दिवा कोठे टांगला होता, कोणाच्या चेहऱ्यावर रोखला होता, पुढे अंबर कागद होता की निळा, याचा त्यास पत्ता नसतो. पेनड्राईव्हवर घेतलेली प्रत दुसऱ्या बनावटीच्या बोर्डावर उघडेलच असेही नाही. मग पारितोषिक मिळविलेले नाटक दुसऱ्या सभागृहात नेताना सारी प्रकाशयोजना पहिल्यापासून रचावी लागते, आणि प्रकाशयोजनाकार गाव सोडून गेला असल्यास तीही रचता येत नाही. संवादांची वही आपण जपतो. प्रकाशाची वही कोणाच्या कपाटात आहे?

प्रत्येक मंडळाने दिव्यांच्या जागांचा आराखडा, रंगांची यादी आणि क्यूनिहाय पातळ्या व सेकंद कागदावर उतरवून संहितेसोबत बांधून ठेवाव्यात. सभागृहचालकांनीही प्रयोगाआधी केवळ पातळ्या नोंदविण्यासाठी दोन तास राखून द्यावेत. नेपथ्याच्या ठोकाठोकीत उरलेली दहा मिनिटे त्या कामास पुरत नाहीत.